घरी सर्व्हर ठेवायचाय, आयपी स्टॅटिक हवा की डायनॅमिक चालेल? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या आमच्या घरी टीव्हीच्या कपाटात एक जुना लॅपटॉप चोवीस तास चालू असतो, तोच आमचा सर्व्हर. घरच्यांचे फोटो इमिचवर, कागदपत्रं नेक्स्टक्लाउडवर, आणि पाण्याच्या टाकीचा पंप होम असिस्टंटवर. तो बघून गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाने नंतर फोन करून हेच प्रश्न विचारले, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. सगळं घरगुती ब्रॉडबँड डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. ऑफिसच्या लीज्ड लाइनवाल्यांना यातलं फारसं लागू नाही.

स्टॅटिक आणि डायनॅमिक यांत नेमका फरक काय?

ब्रॉडबँड कंपनी तुमच्या कनेक्शनला इंटरनेटवरचा एक पत्ता देते, तो आयपी. डायनॅमिक आयपी म्हणजे अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेला फ्लॅट. तांत्रिक भाषेतही त्या मुदतीला लीजच म्हणतात. मुदत संपली किंवा मध्येच कनेक्शन तुटलं की कंपनी दुसरा पत्ता हातात ठेवू शकते. स्टॅटिक म्हणजे पैसे भरताय तोवर तोच पत्ता. मालकी तेव्हाही कंपनीचीच असते. कंपनी बदललीत की पत्ता गेला, मोबाइल नंबरासारखा तो पोर्ट करून नेता येत नाही.

पण माझ्या कॉम्प्युटरचा आयपी कायम १९२.१६८.१.५ असतो. म्हणजे स्टॅटिकच झाला ना?

नाही. तो घरातला पत्ता. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते लाखो घरांत एकाच वेळी वापरात असतात, जसं ‘दुसरा मजला, डावीकडचं दार’ प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतं. १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ मधले पत्तेही याच जातीचे.

मात्र सर्व्हरला घरातला पत्ता कायम तोच मिळणं गरजेचं आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही. राउटरच्या डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या) सेटिंगमध्ये सर्व्हरचा (त्या यंत्राची ओळख सांगणारा) मॅक अ‍ॅड्रेस टाकून त्याच्यासाठी एक पत्ता राखून ठेवा. हे न करता पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे ठरावीक क्रमांकाच्या दारावर (पोर्टवर) बाहेरून येणाऱ्यांना सर्व्हरच्या पत्त्याकडे पाठवायला राउटरला सांगितलं, तर एके दिवशी राउटर बाहेरून आलेली मंडळी तुमच्या प्रिंटरकडे पाठवायला लागतो.

डायनॅमिक आयपी किती वेळा बदलतो?

कंपनीगणिक वेगळं. पीपीपीओई कनेक्शन असेल, म्हणजे राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकावा लागत असेल, तर बहुतेक वेळा प्रत्येक नव्या जोडणीला नवा पत्ता मिळतो. गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेली, राउटर बंद होऊन चालू झाला, की पत्ता बदलला. राउटर छोट्या यूपीएसवर टाकल्यावर माझा पत्ता आठवडेच्या आठवडे टिकायला लागला. राउटरच्या १२ व्होल्टच्या यूपीएसने असं निम्मं दुखणं जातं, हे कोणी सांगत नाही.

पोर्ट फॉरवर्ड केलं, दहा वेळा तपासलं, घरात सगळं चालतं. बाहेरून मात्र उघडत नाही. का?

स्टॅटिक की डायनॅमिक याच्या आधीचा प्रश्न हा आहे, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. दर दहांतल्या सात-आठ फोनना माझं उत्तर एकच असतं: तुमच्या घराला स्वतःचा पत्ताच नाही.

अशी कल्पना करा की अख्ख्या सोसायटीला मिळून एकच पत्ता आहे आणि गेटवर वॉचमन. तुम्ही बाहेर काही मागवलंत तर तो वहीत नोंद करतो आणि पार्सल आलं की बरोबर तुमच्या दारात आणून देतो. पण कोणी आपणहून तुम्हाला भेटायला आलं, तर वॉचमनच्या वहीत नोंदच नाही. तो गेटवरूनच परत पाठवतो. तुम्ही स्वतःच्या दाराला कितीही पाट्या लावा, पाहुणा गेटच्या आत येतच नाही. पोर्ट फॉरवर्डिंग ही घराच्या दारावरची पाटी आहे. गेटवरच्या या व्यवस्थेचं नाव सीजीनॅट.

तपासायला दोन मिनिटं पुरतात. राउटरच्या पानावर लॉगिन करा आणि वॅन (WAN) किंवा इंटरनेट स्टेटसखाली दिसणारा आयपी कागदावर लिहून घ्या. मग ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी काय’ असं शोधून जो आकडा दिसेल तो त्याखाली लिहा. दोन्ही सारखे, तर पत्ता तुमचा. वेगळे असतील आणि राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल, तर सीजीनॅट नक्की. काही केबलवाले तिथे सरळ १० ने सुरू होणारा पत्ता देतात, अर्थ तोच. १०० ने सुरू होणारा प्रत्येक पत्ता मात्र सामायिक नसतो, तेव्हा दुसरा आकडा बघायला विसरू नका.

सीजीनॅटमागे असल्याची आणखी एक खूण आहे. काहीही न करता वेबसाइट सारख्या ‘मी रोबोट नाही’ म्हणायला लावतात आणि झेब्रा क्रॉसिंगचे फोटो निवडायला सांगतात. तुमच्याच पत्त्यावरून दुसरं कोणीतरी उद्योग करत असतं.

कंपन्या असं का करतात? नुसता पैसे काढायचा धंदा ना?

थोडा तोही, पण मुळात पत्तेच संपलेत. आयपीव्ही४ ची, म्हणजे १९२.१६८.१.५ सारख्या चार आकड्यांच्या पत्त्यांची, रचना सप्टेंबर १९८१ मध्ये ठरली. ३२ बिटांचा पत्ता, म्हणजे एकूण साधारण ४२९ कोटी. तेव्हा हा आकडा अवाढव्य वाटला असणार. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे वाटून झाले, आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिकमध्ये पत्ते वाटणाऱ्या एपीनिक संस्थेने उरलेल्या शेवटच्या गठ्ठ्यावर रेशनिंग सुरू केलं. २०१२ मध्ये १००.६४ वाला पट्टा खास या सामायिक वापरासाठी बाजूला काढण्यात आला. भारतात फायबर गल्लोगल्ली पोहोचलं ते त्यानंतर. ज्या कंपन्या उशिरा आल्या, त्यांच्या ताटात पत्ते कमीच पडले.

परदेशातल्या क्लाउड कंपन्याही आता पत्त्याचं भाडं लावतात. अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेस १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर घेते, म्हणजे महिन्याला साधारण साडेतीन डॉलर.

मग कंपनीला फोन करून नेमकं काय विचारू?

‘स्टॅटिक आयपी आहे का’ असं विचारलंत तर थेट विक्री विभागाकडे जाल. आधी विचारा: ‘मला पब्लिक आयपी मिळेल का? डायनॅमिक असला तरी चालेल.’ पब्लिक म्हणजे सामायिक नसलेला, बाहेरून थेट तुमच्या घरापर्यंत येणारा पत्ता. काही ठिकाणी नुसत्या विनंतीवर सीजीनॅटमधून बाहेर काढतात. तसं झालं तर पैसे वाचले. कॉल सेंटरला हे कळेलच असं नाही. स्थानिक केबलवाल्याच्या नेटवर्कच्या माणसाचा नंबर असेल तर त्यालाच गाठा. त्याला सीजीनॅट हा शब्द पाठ असतो.

तो नाही म्हणाला तर स्टॅटिककडे वळा. तेव्हा हे विचारा: पैसे महिन्याचे की वर्षाचे, त्यावर जीएसटी वेगळा का, घरगुती प्लॅनवर मिळतो की बिझनेस प्लॅन घ्यावा लागेल, आणि कोणते पोर्ट बंद आहेत. मी मधल्या काळात वर्षाला २,००० रुपये भरत होतो. १८ टक्के जीएसटी धरून २,३६०. तुमच्याकडे आकडा वेगळा असेल.

पब्लिक डायनॅमिक आयपी मिळाला. आता डीडीएनएस लावलं की झालं ना?

झालं. घरगुती वापराला एवढं खरोखर पुरतं. आकडा लक्षात ठेवायचा नाही, एक नाव ठेवायचं. सर्व्हरवरची छोटी स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी डीडीएनएसवाल्याला सांगते, ‘मी आता इथे राहतो’, आणि ते नाव नव्या पत्त्याकडे वळतं. डकडीएनएस फुकट आहे. नो-आयपीही फुकट आहे, पण त्याच्या फुकट नावाला दर ३० दिवसांनी ‘हो, अजून हवंय’ असं कळवावं लागतं. हे मी नेमकं गणपतीत विसरलो होतो. स्वतःचं डोमेन असेल आणि ते क्लाउडफ्लेअर या कंपनीकडे ठेवलं असेल, तर त्यांच्या एपीआयनेही (स्क्रिप्टने थेट बदल करायच्या सोयीनेही) हेच काम होतं.

पत्ता बदलल्यावर सर्व्हर किती वेळ गायब? स्क्रिप्टची पाच मिनिटं, अधिक डीएनएस नोंदीचा (नाव कोणत्या पत्त्याचं हे सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत. तो ६० सेकंद ठेवलात तर सगळं मिळून सहा-सात मिनिटं. फोटो बघणाऱ्या आजीला कळतही नाही.

सीजीनॅटमागे मात्र डीडीएनएस निरुपयोगी. तुम्ही जगाला सोसायटीच्या गेटचा पत्ता सांगत बसता.

मग स्टॅटिक घ्यावाच अशी वेळ कधी येते?

माझ्या मते तीनच वेळा. पब्लिक पत्ता फक्त स्टॅटिकसोबतच मिळत असेल तर. समोरची बाजू तुमचा पत्ता यादीत टाकूनच आत घेत असेल तर: ऑफिसचं फायरवॉल, क्लायंटचा डेटाबेस, शेअर ट्रेडिंगचं एखादं एपीआय. आणि गावच्या घरातल्या जुन्या सीसीटीव्ही रेकॉर्डरला नावाऐवजी आकडाच लागत असेल तर. बाकी ‘स्टॅटिक म्हणजे प्रोफेशनल’ हा समज पैसे घालवणारा आहे.

स्टॅटिक आयपी घेतला, पैसे भरले, तरी बाहेरून उघडत नाही!

हे माझ्यासोबत झालंय. कंपनीचं नाव घेत नाही. तंत्रज्ञ आला, ‘झालं सर’ म्हणाला, चहा घेऊन गेला. रात्री बघतो तर काहीच नाही. घरात दोन राउटर होते: फायबर ज्यात येते तो कंपनीचा ओएनटी, आणि त्यापुढे मी विकत घेतलेला वायफाय राउटर. स्टॅटिक आयपी ओएनटीला मिळाला होता आणि माझा राउटर त्याच्यामागे १९२.१६८.१.२ घेऊन बसला होता. वॉचमन गेला, पण घराला दोन दारं झाली आणि पाटी फक्त आतल्या दाराला.

यावर उपाय म्हणजे ओएनटी ब्रिज मोडवर (म्हणजे राउटरचं काम न करता सगळं नुसतं पुढे सोडणारा) टाकून घेणं आणि पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड स्वतःच्या राउटरमध्ये भरणं. ते द्यायला कंपनी नाखूश असेल, तर ओएनटीमध्ये डीएमझेड लावून सगळं आपल्या राउटरकडे वळवा. त्यानेही भागतं. आणखी एक गोष्ट, तक्रारीनंतर कंपनीने दुरून ओएनटी रिसेट केला तर तुमचे सगळे फॉरवर्ड पुसले जातात. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

तरीही उघडत नसेल, तर ८० आणि ४४३ हे वेबसाइटचे नेहमीचे पोर्ट कंपनीनेच बंद केलेत का ते बघा. ८४४३ वर लावून मोबाइल डेटावरून उघडा. तिथे उघडलं तर चोर सापडला.

मोबाइल डेटावरून उघडतं, घरच्या वायफायवरून त्याच नावाने उघडत नाही. हे काय नवीन?

तुमचा राउटर हेअरपिन नॅट करत नाही. आतून बाहेरच्या पत्त्यावर जाऊन परत आत यायचं त्याला जमत नाही. पाय-होल (घरात चालवायचा डीएनएस सर्व्हर) किंवा राउटरच्या डीएनएसमध्ये तेच नाव घरातल्या पत्त्याला जोडून टाका.

घरून स्वतःचा मेल सर्व्हर चालवता येईल का?

स्टॅटिक असला तरी करू नका. मेल पाठवायचा पोर्ट २५ घरगुती लाइनवर सहसा बंद असतो. आयपीवरून नाव सांगणारी पीटीआर नोंद फक्त कंपनी बदलू शकते आणि घरगुती ग्राहकासाठी ती बदलायला कोणी बसलेलं नसतं. त्यात स्पॅम रोखणाऱ्या स्पॅमहॉस संस्थेची पीबीएल ही यादी घरगुती पट्ट्यांचीच बनलेली आहे. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्याची दोन्ही बाजूंची (नावावरून आयपी आणि आयपीवरून नाव) डीएनएस नोंद जुळायलाच हवी असा नियम केलाय. तुमचं लग्नाचं आमंत्रण स्पॅममध्ये जाईल आणि मामा रुसतील.

स्टॅटिक आयपी घेतला की हॅकरना सोपं जातं का?

फारसा फरक नाही. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचं साधन काढलं. एका गिगाबिट जोडणीवरून अख्खं आयपीव्ही४ इंटरनेट पाऊण तासात चाळून होतं, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे डायनॅमिक पत्त्याच्या गर्दीत लपणं ही समजूतच. पोर्ट २२ उघडा टाकून एसएसएचची (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या सोयीची) लॉग फाइल रात्रभर बघा, सकाळपर्यंत ‘रूट’ आणि ‘अ‍ॅडमिन’ नावाने किती जणांनी कडी वाजवली ते दिसेल. पासवर्डने लॉगिन बंद, फक्त ‘की’ (किल्लीचं काम करणारी फाइल) ठेवा.

एक गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. तुम्ही आपल्या नावाला सुरक्षित (https) करण्यासाठी लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट घेतलंत की ते नाव सार्वजनिक नोंदवहीत चढतं. त्या वहीवर बॉट डोळा ठेवून असतात. नवीन नाव लावल्यावर थोड्याच वेळात पहिली टकटक होते ती यामुळे.

खासगीपणाच्या बाजूने मात्र स्टॅटिक थोडा तोट्याचा. वर्षानुवर्षं एकच पत्ता म्हणजे प्रत्येक वेबसाइटला तुमचं घर ओळखीचं होतं.

आयपीव्ही६ असेल तर हे सगळं झंझटच नको ना?

अर्धं खरं. आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीत पत्ता १२८ बिटांचा, त्यामुळे वाटून घ्यायची वेळ येत नाही. घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा खरा पत्ता मिळतो. भारत आयपीव्ही६ वापरात जगात पुढच्या रांगेत आहे, मुख्यतः मोबाइल नेटवर्कमुळे. सर्व्हरवर २ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसला तर तुमच्याकडे आहे. एफई८० ने सुरू होणारा मोजू नका, तो घरातला.

आता अडचणी. राउटर सहसा बाहेरून येणारं सगळं आयपीव्ही६ अडवतो, त्यामुळे फायरवॉलमध्ये सर्व्हरपुरती वाट मोकळी करावी लागते. काही स्वस्त ओएनटीमध्ये तो पर्यायच नसतो. पत्त्याचा सुरुवातीचा भागही कंपनी बदलू शकते, म्हणजे डीडीएनएस इथेही लागतंच, आणि ते सर्व्हरवरूनच चालवावं लागतं. शिवाय बघणाऱ्याकडेही आयपीव्ही६ हवं. फोनच्या डेटावर उघडेल, हॉटेलच्या वायफायवर कदाचित नाही. जर्मनीतल्या बऱ्याच घरगुती केबल लाइनवर उलटी गंमत आहे: आयपीव्ही६ स्वतःचं, आयपीव्ही४ सामायिक. तिकडे राहणाऱ्या कोणाला तुमचे फोटो बघायचे असतील, तर हा रस्ता दोघांनाही सोयीचा पडतो.

सिमवर चालणारा राउटर किंवा एअरफायबर आहे. काही आशा?

आयपीव्ही४ वर जवळजवळ नाही. आयपीव्ही६ करून बघा, नाहीतर पुढचं उत्तर वाचा.

टेलस्केल, क्लाउडफ्लेअर टनेल वगैरे घेतलं तर आयपीचा प्रश्नच राहत नाही असं ऐकलंय.

बरोबर ऐकलंय. वॉचमन आत येणाऱ्याला अडवतो, आतून बाहेर जाणाऱ्याला नाही. म्हणून सर्व्हर स्वतःच बाहेर जाऊन एक वाट उघडून ठेवतो आणि तुम्ही त्या वाटेने आत येता.

फक्त घरच्यांपुरतं असेल तर टेलस्केल. प्रत्येक फोनवर अ‍ॅप टाकायचं, एकदा लॉगिन करायचं, संपलं. आत वायरगार्ड (डेटा कुलूपबंद करून नेणारं व्हीपीएन) असल्याने मधल्या कोणाला डेटा वाचता येत नाही. थेट जोडणी जमली नाही तर ते रिले सर्व्हरवरून फिरवून नेतं आणि व्हिडिओ अडखळतो. टेलस्केल आपल्या यंत्रांना जे पत्ते देतं ते १००.६४ च्याच पट्ट्यातले असतात. ते बघून ‘मी सीजीनॅटमागे आहे’ असं ठरवू नका. एकाने त्यावरून कंपनीशी तासभर भांडण केलंय.

ज्यांना अ‍ॅप टाकता येणार नाही त्यांच्यासाठी क्लाउडफ्लेअर टनेल. नाव टाकलं की ब्राउझरमध्ये उघडतं. पण डेटाचं कुलूप त्यांच्याकडे उघडलं जातं, हे मान्य असायला हवं. फुकट प्लॅनवर एका वेळी १०० एमबीपेक्षा मोठी फाइल चढत नाही. इमिचचं अ‍ॅप व्हिडिओ अखंड पाठवतं, त्यामुळे बारशाचा चार मिनिटांचा व्हिडिओ फोनमध्येच अडकून राहतो आणि ‘बॅकअप झाला का गं’ हा प्रश्न घरात फिरत राहतो. फोटो चढवायला टेलस्केल आणि दाखवायला टनेल, अशी वाटणी मी केलीय. जेलीफिन या घरच्या व्हिडिओ सर्व्हरवरून सिनेमे मात्र या टनेलमधून ओढू नका, त्यांच्या अटींत ते बसत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे महिन्याच्या भाड्याने छोटा व्हीपीएस (डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हर) घेऊन त्याच्या स्टॅटिक आयपीवरून घरापर्यंत वायरगार्ड ओढणं. हे सगळ्यात मोकळं, पण सांभाळायला आता दोन सर्व्हर. कधीकधी व्हीपीएसचं वर्षाचं भाडं स्टॅटिक आयपीपेक्षा जास्त होतं, हिशेब करूनच घ्या.

सर्टिफिकेटला स्टॅटिक आयपी लागतो का?

नाही. ते नावाला मिळतं. पोर्ट ८० बंद असेल तर डीएनएस नोंदीतून पडताळणीचा पर्याय निवडा. सीजीनॅटमागेही चालतं.

स्टॅटिक आयपीने स्पीड वाढतो का?

नाही. बाहेरून बघताना तुमचा अपलोड स्पीड महत्त्वाचा, तो प्लॅनवर ठरतो.

तुम्ही स्वतः आता काय वापरता?

स्टॅटिक सोडून दिला. आताची कंपनी विनंतीवर डायनॅमिक पब्लिक आयपी देते. त्यावर एकच पोर्ट उघडा आहे, वायरगार्डचा ५१८२०. बाकी वर सांगितलेली टेलस्केल-टनेलची वाटणी. पंप बाहेरून चालू करायचं काम फक्त वायरगार्डमधूनच होतं, ते मी इंटरनेटवर उघडं टाकणार नाही.

गावाला गेल्यावर सर्व्हर बंद पडला तर?

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते हा त्याचा मोठा गुण, लाइट गेली तरी तो जागा असतो. डेस्कटॉप असेल तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘लाइट आल्यावर आपोआप चालू’ हा पर्याय लावून ठेवा. राउटर अडकला तर मात्र दुरून काही करता येत नाही. आमची एक किल्ली शेजारच्या काकूंकडे असते आणि कपाटाच्या आत कागद चिकटवलाय: ‘पांढऱ्या डब्याचं बटण बंद, वीस मोजा, चालू. लॅपटॉपला हात लावू नका.’